कलम सतरा

कोठी कचेरीच्या मागे, झेरॉक्सवाल्याला लागून माझं टेबल.
एक प्रिंटर, एक पंखा, गिऱ्हाइकासाठी एक खुर्ची.
तिचा आखूड पाय
वाया गेलेल्या बानाखतांच्या घडीवर टेकलेला.
बावीस वर्षं दुसऱ्यांची घरं टाईप करतोय,
पानाला चाळीस रुपये.
बोटं गुजराती झाली,
शिव्या तेवढ्या मराठी राहिल्या.

किरीटभाईंचा नमुना तयारच असतो.
नावं बदलायची, फ्लॅटचा नंबर, चतुःसीमा,
पूर्वेला रस्ता, पश्चिमेला कुणाचं तरी स्वयंपाकघर.
बाकी जसंच्या तसं.
कलम सतरा तर मी हातानं कधी टाईपच केलं नाही,
ते आपोआप चिकटतं.

सौदा झाला तर दलाली.
सौदा मोडला तरी दलाली,
मोडला कुणी, ते विचारायचं नाही.
घेणाऱ्याचे दोन टक्के, देणाऱ्याचे दोन,
आणि याचं त्याला कळू नये अशी बेतलेली भाषा.
पुढच्या तीन वर्षांत त्याच सोसायटीत
सख्ख्या भावाकडून घर घेतलंत
तरीही किरीटभाईंची दलाली.
हे सगळं नऊच्या अक्षरात,
पार्किंग आणि पाण्याची टाकी यांच्या मधोमध
अंग चोरून बसलेलं.

रंजनबेन मोहिते आल्या तेव्हा दुपार होती.
सरकारी दवाखान्यात नर्स. समा रोडला दोन खोल्या घेणार होत्या.
इमारतीला वापर-परवानगीच नाही म्हणून
बँकेनं कर्ज नाकारलं.
अठ्ठावीस लाखांचे दोन टक्के, छप्पन्न हजार.
टोकनचे एकावन्न किरीटभाईंनी वळते करून घेतले
आणि उरलेल्या पाचासाठी रोज फोन.

त्या भांडल्या नाहीत.
कागद ठेवला, सतरावर बोट ठेवलं.
‘हे तुम्ही लिहिलंत?’
‘टाईप केलं.’
‘मी सुई टोचते. डॉक्टर समोर उभे असले
तरी बाटलीवरचं वाचल्याशिवाय भरत नाही.’
मी म्हणालो, ‘बेन, आम्हाला पानाचे चाळीस मिळतात.’
म्हणताना आवाज हुबेहूब किरीटभाईंचा लागला.
‘मग एवढ्याचे किती झाले?’
पाव पान होतं.
मी खरंच हिशेब केला.
दहा रुपये, असं म्हणालोही.

खुर्ची डुगडुगली, त्या उठल्या.
पैसे परत मिळाले नाहीत. नंतर कळलं,
ते पाच हजारही त्यांनी भरले,
वॉर्डात फोन यायला लागले म्हणून.

पुढच्या बानाखताला मी शब्दाला हात लावला नाही.
तो माझा अधिकार नाही, आणि धाडसही नाही.
फक्त सतरावं कलम सोळाच्या अक्षरात केलं.
ठळक. वर एक ओळ मोकळी, खाली एक.

‘आ शुं?’ किरीटभाई.
‘डोळ्यांचा नंबर वाढलाय.’
‘पान वाढलं ना, यार!’
‘त्याचे चाळीस नका देऊ.’
ते हसले. पलीकडे जाडेजाचं टेबल आहे,
तो पस्तीसच घेतो, हे त्यांनी हसतहसतच सांगितलं.

घेणारं जोडपं कोवळं होतं.
पोरगा थेट शेवटच्या पानावर, ‘सही कुठे?’
पोरीनं मात्र पान मागे उलटलं.
अजून एक.
तिथे थांबली. ओठ हलायला लागले,
शाळेत धडा वाचताना हलतात तसे.

‘मोडला तर... म्हणजे आम्ही नाही मोडला तरी?’

किरीटभाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी प्रिंटरचं झाकण उघडलं.
आत कागद अडकलेला नव्हता,
तरी शोधत राहिलो.